किरण लावलेलं मटण

भोरमध्ये मी तीन वर्षं ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले, ते सर जत्रेच्या जेवणाला बसले की आधी खिशातून थर्मामीटर काढायचे. ताप बघायचा नव्हे, स्वयंपाकातला, वीतभर स्टीलची काडी असलेला. काडी रश्शात उभी करायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. "चौपन्न पूर्णांक दोन." मग वाढणाऱ्याला अत्यंत नम्रपणे म्हणायचं, "तुम्ही हे परत चुलीवर ठेवाल का? मी थांबतो." यजमान ओशाळायचा. शेजारीपाजारी तोवर अर्धी भाकरी संपवून बसलेले असायचे, ते आपापल्या वाटीकडे संशयानं बघू लागायचे. तरी सरांना प्रत्येक जेवणाचं बोलावणं यायचं. अर्ध्या तालुक्याला त्यांनी विज्ञान शिकवलं होतं, आणि ज्यांनी आपल्याला एकदा नापास केलंय त्यांना वगळायची हिंमत फार थोड्या लोकांत असते.

गावात त्यांना 'पारा' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. त्यांची तक्रार एवढीच होती, की आपल्या थर्मामीटरमध्ये पारा नाही, सेल आहे, तेव्हा नाव चुकीचं पडलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. वर्गातल्या पोरांना, भाजीवालीच्या नातवाला, आणि जनावरांनाही. रविवारी सकाळी सात वाजता ते मुलाणी चाचांच्या मटणाच्या दुकानात हजर असत. बाहेर खुंटीला बांधलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांत वाकून बघत आणि चाचांना विचारत, "हे काल कसे होते?"

"कोण?"

"हे."

चाचा बकऱ्याकडे बघत. "बरे व्हते सर. जेवले, झोपले, तुमची आठवन काढत व्हते."

सर मान डोलवत आणि मग सुरी गरम पाण्यानं धुवायला लावत. चाचा धुवत. चाळीस वर्षांत या दोघांचं एकमेकांशी कधी वाकडं आलं नाही. एकमत मात्र एकदाही झालं नाही.

माझी खोली भाड्यानं घेताना सरांनी अटी सांगितल्या होत्या. पाहुणे चालतील, गाणी चालतील, कुत्रा पाळला तरी चालेल. पण कच्चं मटण घरात आणलं तर ते त्यांना दाखवूनच वर न्यायचं. पहिल्या महिन्यात मी विसरले, तर जिन्यात उभं राहून त्यांनी पिशवीत काडी घातली. "तीस. तुम्ही वाटेत कुणाशी बोलत उभ्या होतात का?" मी खरंच बसस्टँडपाशी मैत्रिणीशी वीस मिनिटं बोलत उभी होते. त्यानंतर मी बरेच दिवस पिठलं खाल्लं. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मटण कधीचंच सोडलेलं होतं. त्या माळकरी झाल्या असाव्यात असं मला वाटलं होतं. घर तर बौद्धांचं, तेव्हा मी भीत भीत विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं कसली माळ न् कसलं काय. कंटाळा आला. तोंडात घास घालायच्या आधी आकडा ऐकायचा म्हणजे चव जाते गं."

या सगळ्यापलीकडे सरांना एक वेड होतं, आणि ते म्हणजे किरणांचं. नोकरीत असताना कधीतरी शिक्षकांची सहल एका प्लांटमध्ये गेली होती. तिथं कांद्याबटाट्यांवर कोबाल्ट या धातूतून निघणारे गामा किरण सोडून त्यांना कोंब येऊ नयेत अशी व्यवस्था होती. बाकीच्या शिक्षकांनी तिथल्या कँटीनची भजी लक्षात ठेवली. सरांनी एक बटाटा आणला. तो शोकेसमध्ये, विज्ञान प्रदर्शनाच्या दोन ढालींच्या मध्ये ठेवला. पाच महिन्यांनी बटाटा सुरकुतला, पण कोंब फुटला नाही. येईल त्याला तो दाखवला जायचा. काकूंचं म्हणणं, लग्नाचा फोटो कपाटात गेला आणि बटाटा दर्शनी बसला, यावरून काय ते समजावं.

बटाट्याला जे जमतं ते मटणाला का जमू नये, हा त्यांचा प्रश्न होता. पॅकेट बंद करायचं, थंड ठेवायचं, किरणांखालून न्यायचं. आतले जंतू मरतात आणि मटण कच्चंच राहतं. त्यात किरण शिल्लक उरत नाहीत. हे त्यांनी वर्तमानपत्राला पाच-सहा वेळा लिहून पाठवलं. एकदा पत्र छापूनही आलं. फक्त 'विकिरण' या शब्दाशी छापणाऱ्याचा पूर्वपरिचय नसावा. मथळा आला, 'मांसाचे विक्रीकरण झालेच पाहिजे.' त्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या खाटकांनी सरांचं अभिनंदन केलं. चाचांनी ते कात्रण दुकानात तराजूच्या वर चिकटवलं.

"चाचा, तो शब्द विकिरण आहे."

"आसू द्या सर. तुमी आमच्या बाजूनं बोल्ला, ह्येच लई झालं."

पण चाचा किरणांच्या बाजूचे नव्हते. त्यांचा युक्तिवाद सोपा होता. "सकाळी कापलं, दुपारी खाल्लं. मधी तुमचा किरण घुसनार कुठनं?"

यावर सर चिडत नसत. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणत. "पण तुमचं गिऱ्हाईक भोरात राहतं. पुण्यातला माणूस ते चौथ्या दिवशी खातो. तोवर त्या मटणात कोण कोण राहायला येतं ते तुम्ही बघितलेलं नाही. मी सूक्ष्मदर्शकातून बघितलंय."

"म्हनूनच तुमच्या घरात काकू मटान खात न्हाईत," चाचा म्हणायचे आणि वाटा बांधून द्यायचे.

माझं काम वेल्ह्याच्या डोंगरात शेळ्या पाळणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर होतं. तालुक्याचं नाव सरकारनं आता बदललंय, पण लोक अजून वेल्ह्यालाच जातात. त्यातल्या एका वस्तीवरचा गट मी तीन वर्षं खपून उभा केला होता. शेळ्यांना लसी, नोंदी, परवाना काढून बांधलेली फरशीची स्वच्छ शेड, सगळं झालं होतं. अडलं होतं ते गिऱ्हाइकापाशी. जिवंत बोकड दलाल नेईल त्या भावात जायचं आणि बायका पुन्हा मोळ्या विकायला लागायच्या. अशात पुण्यातला एक खरेदीदार मिळाला. तो एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला मटण पुरवायचा. तिथं असे पेशंट असत, की ज्यांना साधा जंतूही झेपत नाही. म्हणून त्याची अट होती, की पॅकेट प्लांटमध्ये किरणांखालून आलेलं हवं. पहिली खेप नीट गेली तर दर महिन्याचं काम पक्कं, नाहीतर त्याच्याकडे दुसरे गट होतेच. माझ्या संस्थेनंही सांगून टाकलं होतं, की हे जमलं नाही तर वस्तीवरचं काम बंद करू.

वस्तीवरच्यांना किरण पटवायचे होते, म्हणून मी सरांना सोबत नेलं. शाळेच्या पडवीत सगळे जमले. मी फळ्यावर चित्र काढून समजावलं, की आपण मटण पॅक करायचं, मग ते प्लांटला जाईल, तिथं त्याला गामा किरण लावतात, आणि किरण लावून मगच ते पुढं जातं.

वस्तीवरचे सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना सगळे म्हातारबाबा म्हणत, त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्ये किरन गामा कुठलं म्हनायचं? मुळशीकडचं का?"

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. "नाही बाबा. ते कोबाल्टकडचे."

"आपल्या तालुक्यात न्हाई त्ये," बाबांनी इतरांना सांगितलं.

मग गटाच्या अध्यक्ष हौसाबाई बोलल्या. त्यांना भ्यायची सवय नव्हती आणि बसून बोलायचीही. उभ्या राहून म्हणाल्या, "जंतू मरत्यात, मंग मानूस बी मरंल की. आमच्या मटनात इख उतरवून वर आमचंच नाव लावनार व्हय?"

सर त्यांच्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघत म्हणाले, "तुमचा हात मोडला होता ना? फोटो काढला होता?"

"काढला की. भोरला."

"त्या फोटोलाही किरणच लागतात. आता त्या हातात किरण राहिलेत का?"

हौसाबाईंनी हात उलटासुलटा करून पाहिला. "ऱ्हायलं आस्तं तर लायटीचं बिल वाचलं आस्तं."

पडवी हसली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात म्हातारबाबा पुन्हा म्हणाले, "सर, एक इचारू? उद्या कुनी आजारी शेरडू कापलं, न्हाईतर नासल्यालं मटान घातलं, आन् त्येला ह्ये किरन लावून इकलं, तर खानाऱ्याला कळंल?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, आता काहीतरी गुळगुळीत बोला.

"नाही कळणार," सर म्हणाले. "किरण दिसत नाहीत. लावले तरी मटण तसंच दिसतं, नाही लावले तरी तसंच. खाणाऱ्याला पाठवणाऱ्यावरच विसंबावं लागतं. तुम्ही विचारलंत ते योग्य विचारलंत."

मी कपाळाला हात लावला. पण गंमत अशी, की या उत्तरानंच बाबांचं समाधान झालं. "मंग हरकत न्हाई," ते म्हणाले. "आपन पाठवनार म्हंजी बरूबरच आसंल."

चहा आला. बाबांनी सरांना विचारलं, "तुमी मूळचं कुठलं?"

"भाटघरच्या पाण्याकडचा."

"गावात कुठं?"

"शेवटी," सर म्हणाले आणि बशीतला चहा पिऊ लागले. बाबांना कळलं, मलाही कळलं. बाबांनी सरांच्या कपात आणखी चहा ओतला आणि विषय शेळ्यांकडे वळला.

पहिल्या खेपेचा दिवस मे महिन्यातला होता. चौदा बोकडं. पहाटेच चाचा भोरहून आले होते, सुरी न सांगता धुवून घेतलेली. शेडमध्ये एक माशी नव्हती. बायकांनी डोक्याला फडकी बांधून, हातमोजे घालून असं काम केलं, की सर सुद्धा दोनदा "छान" म्हणाले. पॅकेटं थर्माकोलच्या पेट्यांत बर्फावर रचली गेली. टेम्पोत चढवायच्या आधी मी एक पेटी उघडून बघितली, मग दुसरी, मग तिसरी.

किरण प्रक्रिया झालेल्या अन्नावर लावायचं एक छापील लेबल असतं, हिरव्या वर्तुळात फुलासारखी खूण असलेलं. ते प्लांटमध्ये, काम झाल्यावर लावायचं असतं. खरेदीदारानं त्या लेबलांची गुंडाळी आधीच पाठवून दिली होती आणि मी ती हौसाबाईंकडे सांभाळायला दिली होती. आता प्रत्येक पॅकेटवर ते हिरवं फूल होतं. पहिल्या पॅकेटवर तर शेजारी हळदीकुंकूही होतं.

"म्याडम, समद्यास्नी किरन लावलं," हौसाबाई म्हणाल्या. "एक बी ऱ्हायलं न्हाई. तुमीच म्हनला व्हता, किरन लावून मगच मटान फुडं जातं."

म्हटलं होतं खरं. किरण लावतात, टिकली लावतात, लेबलही लावतात. मराठीत सगळंच लावतात. बायका इतक्या खुशीत होत्या, की मला ती लेबलं काढा म्हणवेना. सरांनी एक पॅकेट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "फार सरळ लावलंय," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात, "प्लांटवाल्यांना आपण सांगू. फक्त तिथं पोचायच्या आधी हे कुणाच्या हाती पडता कामा नये. आत्ता हे लेबल खोटं आहे."

मी आणि सर टेम्पोतच बसलो. नसरापूर मागं पडलं आणि हायवे यायच्या आत टेम्पोनं मान टाकली. क्लच गेला होता. ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेला तो मोटारसायकलवर परत आला, मेकॅनिकला घेऊन, आणि मेकॅनिक पुन्हा सामान आणायला गेला. दुसरी गाडी मिळते का म्हणून मी फोन लावत राहिले. लग्नसराई होती, एक टेम्पो मोकळा नव्हता, की कुणाकडे बर्फाची लादी शिल्लक नव्हती. पाच तास गेले. पेट्यांखालून पाणी गळू लागलं, आधी थेंब थेंब, मग धार. प्लांटमध्ये आमची वेळ होती ती टळून गेली.

तेवढ्यात खरेदीदाराचा फोन आला. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. तो अजिबात चिडला नाही, हेच मला आधी बरं वाटलं.

"लेबलं लागलीत ना पॅकेटांना?" त्यानं विचारलं.

"हो, पण चुकून..."

"मग प्लांटला कशाला जाता आता? थेट किचनला आणा. आत टाकतो फ्रीजरला. कोण विचारतंय? आणि ते शिजवूनच देतात हो, कच्चं थोडंच खायला घालणारेत? तुमची खेप झाली, माझं काम झालं."

मी टेम्पोकडे पाहिलं. मला हौसाबाई दिसल्या, फडकं बांधलेल्या. तीन वर्षं दिसली. मी म्हणाले, "बरं. येते."

फोन ठेवून वळले तर सर मागेच उभे होते. मागचं फाळकं उघडून त्यांनी एका पेटीतलं पॅकेट घेतलं आणि काडी आत खुपसली. "अठ्ठावीस पूर्णांक सहा." दुसऱ्या पेटीतलं. "सत्तावीस पूर्णांक नऊ." तिसऱ्या पेटीतलं पाहून आकडा न वाचताच त्यांनी काडी पुसली. "हे जाणार नाही, ताई."

मी भांडले. खोटं कशाला सांगू, मी रस्त्यात उभी राहून त्या म्हाताऱ्या माणसाशी वाटेल तसं भांडले. म्हटलं, तुम्हांला काय जातंय, तुम्ही पेन्शनीत. चौदा बोकडं आहेत त्या बायकांची. उद्या गट मोडेल, परत त्या मोळ्या वाहतील, मी त्यांना तोंड कसं दाखवू? वास तरी येतोय का कुठं? आणि शिजवणारच आहेत ना ते! शिजवल्यावर काय राहतं?

सर रस्त्याकडेच्या दगडावर बसले. त्यांचं बोलणं नेहमी पुस्तकासारखं असायचं, काना-मात्रा जिथल्या तिथं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते सुटलं.

"आयनं बी शिजवलं व्हतं," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"बैल पडला व्हता. दोन दिस पडून व्हता. गावातनं सांगावा आला, घिऊन जावा, तुमचा हक हाय. हक! आयला कळत व्हतं की वास येतोय. पर घरात काय बी न्हवतं. तिनं तीन पान्यात उकाळलं. तिसऱ्या पान्याला वास गेला. मंग तिनं पयलं धाकलीला दिलं. धाकली लई रडत व्हती भुकेनं, म्हनून पयलं तिला."

हायवेवरून गाड्या जात होत्या त्यांचा आवाज येत होता. सरांनी चष्मा काढून धोतराच्या... नाही, ते धोतर नेसत नसत, शर्टाच्या टोकानं पुसला. मग ते पुन्हा पुस्तकासारखं बोलू लागले.

"जंतू मेलेच असणार. हे मला बीएस्सीला गेल्यावर कळलं. जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष असतं, त्यातलं काही उकळून जात नाही. किरणांनीही जात नाही. आईनं तिच्या परीनं सगळं केलं होतं. मला ते तिला सांगता आलं नाही, की तुझी चूक नव्हती. ती तोवर गेली होती." चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "चार वर्षांची होती धाकटी. पुढं सगळ्या समाजानं पडीचं मांस सोडलं. आमच्या घरानं त्या दिवशी सोडलं."

मग ते उठले. "त्या दवाखान्यातली माणसं विचारणार नाहीत, ताई. ताटात आलं की खातील. आम्हीही विचारलं नव्हतं."

मला रडू फुटलं. मी तशीच रडत खरेदीदाराला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तो आधी हसला, मग शिव्या दिल्या, मग त्यानं फोन ठेवला. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या पडीक तुकड्यात खड्डा करू दिला. सरांनी एकेक पॅकेट स्वतः फाडलं, लेबलं सोलून वेगळी काढली आणि जाळली. कुणी उकरून काढलंच, तर ते फूल त्याच्यावर असू नये म्हणून. चुनखडी टाकून खड्डा बुजवेपर्यंत अंधारून आलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाणं भाग होतं. मी एकटी जाणार होते. सर आवरून जिन्याखाली उभे होते.

पडवीत सगळे जमले. टेम्पो बंद पडला, मटण तापलं, पुरून टाकलं, एवढं मी कसंबसं सांगितलं. हौसाबाई बसूनच होत्या, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"किरन तर लावलं व्हतं समद्यास्नी," त्या म्हणाल्या.

ते लेबल म्हणजे किरण नव्हेत, हे मी तेव्हा त्यांना समजावलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं विचारलं, "मंग त्यो पुन्यावाला काय म्हनला?"

मी खरं सांगणार होते. मी 'येते' म्हणाले होते, हे सांगणार होते. खरंच सांगणार होते असं मला अजूनही वाटतं.

सर उभे राहिले. "तो म्हणाला, लेबल लागलंय, तसंच घेऊन या, कोण विचारतंय. आणि मीही तेच म्हणालो. शिजवणारच आहेत, जाऊ द्या म्हणालो. ताईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, आजारी माणसांच्या ताटात जाणारं आहे, आमच्या बायका असं पाठवणार नाहीत. त्यांनी फोनवर त्याला नाही म्हणून सांगितलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. रश्शाचा आकडा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

म्हातारबाबा सरांकडे वळले. "सर, तुमी येवडं शिकल्यालं मानूस. आन् तुमी आसं म्हनला?"

"चुकलं," सर म्हणाले आणि त्यांनी पडवीतल्या सगळ्यांना हात जोडले.

हौसाबाई उठल्या. माझ्यापाशी येऊन माझ्या गालांवरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "शेरडं काय, फुडल्या वर्साला परत व्हत्यात," त्या म्हणाल्या. "बाई मातर आपल्याला खरी गावली."

खाली उतरताना मी सरांना विचारलं, असं का केलंत? ते पायाखाली बघत उतरत होते, उतार खडकाळ होता. "त्यांना उद्या तुमच्याबरोबर काम करायचंय," ते म्हणाले. "माझ्याबरोबर नाही." फाट्यावर एसटी आली तेव्हा त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

गट मोडला नाही. संस्थेनं वस्ती सोडली, मी संस्था सोडली आणि वस्तीवर जात राहिले. वर्षभरानं दुसरा खरेदीदार मिळाला. मटण आता प्लांटला जातं, लेबल तिथंच लागतं. सर जाऊन दोन वर्षं झाली. गटात नवी बाई आली की हौसाबाई तिला माझी ओळख करून देतात, आणि दर वेळी तीच गोष्ट सांगतात. एवढा शिकलेला मास्तर नासलेलं मटण धाडायला निघाला होता, आणि आमच्या म्याडमनी त्याला भर रस्त्यात अडवलं. सरांच्या 'चुकलं'ची त्या हुबेहूब नक्कल करतात. सगळ्या बायका हसतात.

मी प्रत्येक वेळी ठरवून जाते, की आज खरं सांगायचं. मग त्या हसायला लागतात आणि मीही हसते.